कोण नाय, फिरस्ते

झुंबरच्या लग्नात तिच्या सासूनं, नर्मदाबाईंनी, एकच अट घातली होती. मुलीच्या माणसांनी पुन्हा कधी वाडीच्या तोंडाशी असलेल्या बेड्याच्या आत पाय टाकायचा नाही. बाकी देणंघेणं, मानपान काहीच त्यांना नको होतं. झुंबर तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. तिनं नवऱ्या मुलाच्या, कमलाकांतच्या, तोंडाकडे बघितलं आणि "बरं" म्हटलं. तेवढ्यावर ती तारापूरच्या अलीकडच्या त्या गावात, केळी आणि पानवेलींच्या वाडीत, सून म्हणून राहिली.

तिची माणसं पालात राहणारी. दिवाळीनंतर घाट उतरायची, गाढवांवर बिऱ्हाड लादून मनोर, बोईसर करत समुद्रापर्यंत यायची आणि पावसाआधी परत वर चढायची. पाटे आणि जाती टाकवून देणं हा त्यांचा धंदा. वापरून वापरून दगड गुळगुळीत झाला की त्याच्यावर काही वाटलं जात नाही. मग छिन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात. झुंबरचा बाप बन्सी छिन्नी चालवायचा आणि आई रखमा दारोदार हाळी द्यायची. आईच्या मागं फिरतानाच झुंबर या वाडीत पहिल्यांदा आली. कमलाकांतनं घरातला पाटा उचलून बाहेर आणून दिला. त्यानंतरची दोन-तीन वर्षं, पालं आली रे आली की तो कुठला ना कुठला दगड घेऊन हजर. घरातले संपले तेव्हा शेजाऱ्यांचे आणायला लागला. नर्मदाबाईंच्या लक्षात आलं तोवर फार उशीर झाला होता.

पालातल्या पंचांनीही आपला निवाडा दिला. पोरगी मेली असं समजायचं, बापानं तिच्याशी बोलायचं नाही. आईबद्दल पंच काही बोलले नाहीत. बायकांच्या बोलण्याला ते जमेत धरत नसत.

गावात अशा सगळ्या माणसांसाठी एकच शब्द होता. फिरस्ते. पाटे टाकवणारे फिरस्ते, डोंबारी फिरस्ते, सुया-पोत विकणाऱ्या बायका त्याही फिरस्त्याच. कोणाची कोंबडी सापडेना झाली की पहिला प्रश्न, गावात फिरस्ते आलेत का? पोर जेवेना झालं की फिरस्त्यांना देऊन टाकीन. नर्मदाबाई सुनेला नावानं क्वचितच हाक मारत. तोंडावर "अगो", आणि दुसऱ्यांशी बोलताना "आमची फिरस्ती". त्यात दर वेळी राग असायचाच असं नाही. एकदा झुंबर तापानं फणफणली होती तेव्हा सासू रात्रंदिवस उशाशी बसून राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "आमच्या फिरस्तीला लय ताप हाय गो, डोळा लागत नाय माझा." झुंबरला हेच जास्त लागायचं. रागानं म्हटलं असतं तर उलटून बोलता आलं असतं.

दर साली मात्र ती आईला भेटत होती. कुंभवलीच्या बाहेर एक माळ होता, पालं तिथं पडायची. बोईसरच्या बाजाराचं निमित्त करून झुंबर निघायची. टोपलीत केळी आणि पानं घालून न्यायची. रखमा तिच्यासाठी बाजरीची भाकरी थापायची. समुद्राकडं बाजरी कुठली? झुंबर पहिला घास तोंडात घोळवत बसायची आणि आई तिच्या केसांतून बोटं फिरवत घाटावरच्या एकेकाची खबर सांगायची. बन्सी थोडा लांब, त्यांच्याकडे पाठ करून, पुढ्यातल्या दगडावर छिन्नी चालवत असायचा. पंचांचा शब्द तो मोडत नव्हता. पण या मायलेकी बोलायला लागल्या की त्याचा ठोका हलका व्हायचा. ऐकू यावं म्हणून.

एकदा झुंबरनं विचारलं, "आये, आपल्याला फिरस्ते का म्हनत्यात?"

"फिरतो म्हनून," रखमा हसून म्हणाली.

हातोडी थांबली. मान न वळवता, समोर बांधलेल्या गाढवाला सांगावं तसा बन्सी बोलला, "फिरस्ता त्यो, ज्याची कुनी वाट बघत न्हाई. आपली वाट बघत्यात. एक साल आलो न्हाई तर गावोगावच्या बाया खोळंबून बसत्यात."

आणि पुन्हा ठोका सुरू झाला. लग्नानंतर झुंबरनं बापाचा आवाज ऐकला तो तेवढाच.

मुलगी झाली, आनंदी, तेव्हा झुंबरला वाटलं होतं, जरा कळती झाली की तिला माळावर न्यावी. मग वाटायला लागलं, आणखी थोडी मोठी होऊ दे. लहान पोर, घरी येऊन आजीजवळ बोलली तर? आनंदी पाचेक वर्षांची असताना एक दिवस कुंपणापाशी खेळत होती. रस्त्यानं पाठीला मूल बांधलेली एक बाई चालली होती. आनंदी टाळ्या पिटत ओरडली, "आये, बघ बघ, फिरस्तेऽ!" ओट्यावरून नर्मदाबाई कौतुकानं हसल्या. झुंबर पानवेलीपाशी पानं खुडत होती. तेव्हा मुलीला जवळ घेऊन काहीतरी सांगता आलं असतं. ती वाकली आणि पानं खुडत राहिली.

पासष्ट साली सगळीकडे धूळ उडाली. समुद्राकाठी सरकारचं मोठं काम चालू झालं होतं. बोईसर स्टेशनवरून दिवसभर ट्रक जायचे. कुठून कुठून माणसं कामाला आली, हिंदी बोलायला लागली, मिळेल त्या पडवीत भाड्यानं राहायला लागली. कुंभवलीच्या माळावर कोणा ठेकेदारानं खडीचे ढीग टाकले, पत्र्याच्या शेडी उभ्या केल्या आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. दिवाळीनंतर झुंबर दोनदा तिथं जाऊन आली. कुंपणाजवळच्या पहारेकऱ्यानं तिलाच हटकलं. पालं दिसली नाहीत. तिला वाटलं, या साली उशीर झाला असेल, कुठं गाढव दुखावलं असेल.

पौषात तिची नणंद बाळंत होणार होती. नणंदेचं घर पालघरला, तिथं करायला दुसरं कोणी नव्हतं. झुंबर गेली आणि पंधरा-वीस दिवस अडकली. परत आली तेव्हा आनंदी धावत बेड्याशी आली. बेडं म्हणजे वाडीच्या तोंडाशी बसवलेले आडवे बांबू, सरकवले की वाट मोकळी. आनंदी आता नऊ वर्षांची होती, बडबडी. आईच्या हातातलं गाठोडं ओढून घेत तिनं मधल्या दिवसांतलं सगळं एका दमात सांगायला घेतलं. म्हैस व्याली, रेडकू झालं. रहाटाचं एक मडकं फुटलं. शाळेत नवीन मास्तर आले, ते तंबाखू खातात.

"आणि कोण आलं-गेलं?" झुंबरनं सहज विचारलं.

"कोण नाय. फिरस्ते आले होते. मी हाकलले."

झुंबरनं तिच्याकडे बघितलं. "किती जण होते?"

"एक म्हातारी आणि एक बाप्या. बाप्या रस्त्यावरच उभा होता." आनंदीला काहीतरी आठवलं. "आये, तिच्या हनुवटीवर तुझ्यासारखंच गोंदण होतं. तीन ठिपके. अगदी तुझ्यासारखे. आणि तिला तुझं नाव कसं ठाऊक?"

झुंबर तिथंच, बेड्याला धरून उभी राहिली. "काय बोलली ती?"

"नीट कळत नव्हतं तिचं. म्हणे, झुंबर कुठं हाय? मी म्हटलं, नाय घरात. मग म्हणाली, तिला सांग, त्यो बोलतो म्हनतोय. लवकर ये म्हनावं, त्यो बोलतो म्हनतोय. दोन-तीनदा म्हणाली."

"आणि तू?"

"मी म्हटलं, फिरस्त्यांना आत यायची बंदी हाय. तिनं बांबूंमधून हात आत घातला, माझ्या तोंडाला लावायला. मी घाबरले, वरचा बांबू सरकवला. लागला तिला. मग मी आजीला हाक मारली, तर ती गेली." आईचा चेहरा बघून आनंदीचा आवाज बारीक झाला. "आजीनंच सांगितलंय तसं करायला. आये? मी काय केलं?"

"कधीची गोष्ट?"

"तू गेलीस, त्याच्या दुसऱ्या नायतर तिसऱ्या दिवशी."

झुंबरनं पाणीसुद्धा प्यायलं नाही. तशीच मागं वळली. वाडीत कामाला येणारी नवसी, डोंगराकडच्या पाड्यावरची, केळीच्या आळ्यात माती ओढत होती. तिनं खोरं टाकलं आणि धावत तिला गाठलं. "वहिनी, मी बघली होती ती बाई. आमच्या पाड्याच्या वाटंनं गेली, रुळापलीकडं. बेटेगावच्या अंगाला पालं होती त्यांची. मला वाटलं, तुला घरातल्यांनी कळवलं असंल."

बोईसरपर्यंत तिला एका खडीच्या ट्रकनं सोडलं. रुळाच्या फाटकावर पुंडलिक नावाचा म्हातारा होता, फाटक उघडायचा आणि लावायचा. त्याला तिनं पालांबद्दल विचारलं.

"होती की. त्या नाल्याच्या कडेला," तो म्हणाला. "यंदा त्यांना कोणी कुठं टेकू देईना. माळ गेला, मग स्टेशनामागं बसले, तिथून उठवलं. त्यांच्यात एक आजारी होता. गाढवावर बसवून आणला होता त्याला, छातीचा भाता नुसता वरखाली." त्यानं तिच्या हनुवटीकडे बघितलं आणि बोलायचा थांबला. "तुमचा कोण?"

"बाप."

पुंडलिकनं हातातली हिरवी झेंडी खाली ठेवली. "चला, दाखवतो," म्हणाला.

नाल्याच्या काठाला करंजाच्या झाडाखाली मातीचा उंचवटा होता. वर दगड रचले होते, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. बाजूला विझलेल्या चुली आणि गाढवांची लीद. झुंबर खाली बसली. तिनं एक दगड उचलला, पुन्हा होता तिथं ठेवला. रडू येत नव्हतं. राहून राहून तिच्या मनात एवढंच येत होतं, की तो काय बोलणार होता? नावानं हाक मारली असती? शिव्या दिल्या असत्या? शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

"त्याची बायको त्या दिवशी सकाळी त्यांच्यातल्या एका गड्याला घेऊन कुठं तरी गेली होती," पुंडलिक लांबूनच म्हणाला. "आली दुपारी, दोघंच. हा सारखा वाटेकडं बघत पडलेला. ती त्याला काय बोलली ते नाय ऐकलं मी. संध्याकाळी गेला तो."

"आणि मग ती?"

"तीन दिवस राहिले. नंतर निघाले. कोण म्हणालं मनोर, कोण म्हणालं डहाणूकडं."

झुंबर मनोरला गेली. बाजारात, नदीच्या पुलाखाली, गुरांच्या तळावर, जिथं पूर्वी पालं पडायची तिथं तिथं तिनं विचारलं. लोक तिच्या अंगावरचं धुवट लुगडं आणि गळ्यातलं मंगळसूत्र बघून चक्रावायचे. घरंदाज बाई, आणि फिरस्त्यांना काय शोधते? एक दुकानदार म्हणाला, "काय चोरून नेलं का हो तुमचं?"

दोन दिवसांनी ती बोईसरच्या एसटी थांब्यावर उतरली तेव्हा कमलाकांत तिथं उभा होता. आदल्या दिवसापासून येणारी प्रत्येक गाडी बघत होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. तिच्यासमोर येऊन तो म्हणाला, "मला कोणी बोललं नाय गो. देवाशपथ. ठाऊक असतं तर गाडी जुंपून मी स्वतः त्याला घेऊन आलो असतो."

"कुठं आणला असतात?" झुंबरनं विचारलं. "बेड्याच्या आत?"

कमलाकांतनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"एवढी वर्षं माझी आई माळावर येऊन बसायची. मी बाजाराला म्हणून कुठं जाते ते तुम्हाला ठाऊक होतं. टोपलीत केळी तुम्हीच भरून द्यायचात. कधी म्हणालात, चल, मीही येतो?"

घरी येईपर्यंत तो तिच्या मागून चालत राहिला.

नर्मदाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. झुंबर त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, तुम्ही तिला बघितलंत?"

"पाठमोरी बघितली. रहाटाकडनं येईस्तोवर ती वळली होती."

"ओळखलंत?"

नर्मदाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "ओळखलं."

"मग हाक का नाय मारलीत?"

"तू शब्द दिला होतास मला."

"मी दिला होता. तिनं नव्हता दिला. ती इतक्या वर्षांत एकदा दारात आली."

"म्हातारा मरतोय हे मला कोणी सांगितलं का? सांगितलं असतं तर..." नर्मदाबाई अडखळल्या.

"तर काय केलं असतंत?"

नर्मदाबाईंचा आवाज चढला. "आणि पोरीनं काय खोटं सांगितलं? फिरस्तेच ना ते? दुसरं काय म्हणायचं त्यांना?"

"रखमा," झुंबर म्हणाली. "तिचं नाव रखमा. त्याचं बन्सी."

दारात आनंदी उभी होती. कधीपासून ते कोणालाच कळलं नव्हतं. तिनं आजीकडे बघितलं, मग आईकडे.

"आये, ती बाई कोण होती?"

झुंबरनं मनोरच्या रस्त्यावर ठरवलं होतं, की मुलीला हे सांगायचं नाही. नऊ वर्षांच्या पोरीच्या गळ्यात हे ओझं कशाला? पण आता तिच्याकडे बघून खोटं बोलता येईना.

"माझी आई."

"म्हणजे मला आजी?"

"हो."

"आणि बोलतो म्हणत होता तो?"

"माझा बाप. तुझा आजा."

आनंदी उंबऱ्यातून ओट्यावर आली. मग म्हणाली, "मला कोणी सांगितलं नाय." ती कोणाला दोष देत नव्हती. नुसतं म्हणाली.

"नाय सांगितलं," झुंबर म्हणाली. "मी नाय सांगितलं."

"मग मी पण फिरस्तीच ना?"

"नाय गो बाय!" नर्मदाबाई एकदम उठल्या, तांदूळ सांडले. "तू कशी? तू आमची!" त्या तिला जवळ घ्यायला गेल्या. आनंदी दोन पावलं मागं सरकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आईकडेही गेली नाही.

त्यानंतर घरात कोणी मोठ्यानं भांडलं नाही. कमलाकांतनं एके सकाळी बेड्याचे बांबू उपसून टाकले. तेव्हापासून वाडीचं तोंड उघडंच राहिलं. म्हशी आत शिरून केळी खायच्या, पण नर्मदाबाई काही बोलल्या नाहीत. त्या सुनेला नावानं हाक मारायला लागल्या. "झुंबर, जेवलीस का?" "झुंबर, वारा सुटलाय, आत ये." झुंबर ओ द्यायची. जी हाक ऐकायला एवढी वर्षं जीव टांगला होता ती आली, आणि तिला त्याचं काहीच वाटेना.

पुढच्या दिवाळीनंतर पालं आली नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. बोईसरला पिठाच्या दोन गिरण्या झाल्या होत्या, जाती माळ्यावर चढत होती. झुंबर अधूनमधून करंजाखाली जाऊन बसायची. आनंदी सोबत यायची, दगड सरळ करायची, पण तिथं असताना चकार शब्द बोलायची नाही. पहिली बडबड कुठं गेली कोण जाणे. रस्त्यानं कोणी गाठोडं घेतलेलं जाताना दिसलं की मात्र ती हातातलं काम टाकून धावायची. डोंबारी असो, सुया विकणारी असो, ती त्यांना थांबवून विचारायची, "रखमा नावाची म्हातारी ठाऊक हाय? हनुवटीवर तीन ठिपके?" बहुतेक जण मान हलवून पुढं जायचे.

अडुसष्ट सालच्या थंडीत एक बाई डोक्यावर छिन्न्यांचं गाठोडं घेऊन वाडीवरून चालली होती. आनंदी तेव्हा बारा वर्षांची होती. तिनं नेहमीसारखं विचारलं. बाई थबकली.

"रखमा? बन्सीची रखमा? ती गेली की, पोरी. इगतपुरीच्या वर, गेल्या पावसात. तू कोन तिची?"

तोवर झुंबर बाहेर आली होती. तिच्या हनुवटीकडे बाईनं टक लावून बघितलं, मग आनंदीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बया! म्हंजी ती नात तू? म्हातारी लई सांगायची तुझं. ज्याला त्याला सांगायची."

"काय सांगायची?" आनंदीनं विचारलं.

"हेच, की मला माझी नात भेटली. एवढी मोठी झालीया, केसाच्या दोन येण्या, आवाज कसा खणखणीत. दारात हुबी राहून बोलली माझ्यासंगं, म्हनायची. लेक नव्हती घरी, पन नात भेटली. बन्सीलाबी त्यो जाताना तिनं त्येच सांगितलं म्हनं. तुमची नात बघून आले, लेक मागनं येतीया. त्यो हसला म्हनं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा झुंबरला मोठ्यानं रडू फुटलं. आतून नर्मदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"आणखी काय म्हणाली?" आनंदी पुन्हा विचारत होती. "माझ्याबद्दल आणखी काही म्हणाली? मी काय केलं ते सांगितलं तिनं?"

"काय केलं म्हंजी?" बाई गोंधळली. "आनि काय सांगनार? त्येवढंच सांगायची बग. पुन्ना पुन्ना तेच."

बाईला पुढं जायचं होतं, तिची माणसं खाडीपाशी थांबली होती. झुंबरनं तिला हाताला धरून आत आणलं, भात वाढला. बाई जेवत असताना आनंदी तिच्यासमोर मांडी घालून बसली होती आणि तिच्या तोंडाकडे बघत होती, ती आणखी काही बोलेल म्हणून. बाई जेवली, हात धुतले, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि निघाली. आनंदी खाडीपर्यंत तिच्याबरोबर चालत गेली. परत आली तेव्हा झुंबर अजून ओट्यावरच होती. ती आईच्या शेजारी येऊन बसली. दोघी मायलेकी दिवेलागणीपर्यंत तशाच बसून राहिल्या.